सुदासरीसाठी एक तास

"पुढची स्लाइड," मी म्हणालो आणि भिंतीवर लाल ठिपका गोल फिरवला.

समोर गादीवर माझी पाच आठवड्यांची बायको अंबिका मटार सोलत बसली होती. तिच्या शेजारी माझी आई. ऑफिसातून शनिवार-रविवारपुरता मागून आणलेला प्रोजेक्टर स्टुलावर घरघरत होता. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातली एकच भिंत रिकामी होती, आणि तिच्यावर भलं मोठं शीर्षक पडलं होतं: 'मिशन मरुभूमी'.

मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंग विभागात होतो. तिथे माझ्या प्लॅनिंगकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. घरी मात्र प्रेक्षक हक्काचे होते.

"अकरा दिवस," मी सांगत होतो. "तीन राष्ट्रीय उद्यानं. तिन्ही वाळवंटी. वेळावदर, कच्छचं छोटं रण आणि शेवटी जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क."

यातलं वेळावदर हे गवताळ रान आहे आणि छोटं रण हे अभयारण्य, हे मला नंतर कळलं. पण 'तीन वाळवंटं' म्हणायला बरं वाटत होतं.

"सगळे मधुचंद्राला केरळला जातात," आई म्हणाली.

"म्हणूनच आपण जात नाही."

"आपण म्हणजे? मलाही नेणार आहेस?"

मी पुढची स्लाइड लावली. 'संभाव्य धोके आणि उपाय'. त्यात वाळूचं वादळ होतं, विंचू होता, पाण्याचा तुटवडा होता, आणि 'दिशाभ्रम' असा एक शब्द होता, जो मी स्वतः तयार केला आहे असं मला वाटत होतं.

"लग्नाआधी हा देहूरोडच्या पुढे एकटा गेला नव्हता," आईने अंबिकेला माहिती दिली.

अंबिका हसली नाही. ती भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती. सोलापूरला ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. काहीही वाचायचं तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही तिची सवय. लग्नानंतर कुठे जायचं, असं मी तिला विचारलं होतं तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता "जैसलमेर चालेल" असं उत्तर दिलं होतं. मी त्याचा अर्थ लावला होता: बायको साहसी आहे. मग साहसी बायकोला शोभेल असा नवरा व्हायची घाई झाली. महिन्याभरात मी जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली, फावडं घेतलं, दोरखंड घेतला, चाकाखाली घालायच्या लोखंडी फळ्या घेतल्या आणि चाळीस खिशांची एक पँट घेतली.

"सुदासरीला एकच तास आहे," अंबिका म्हणाली.

"कुठे?"

"नवव्या दिवशी. साडेसात ते साडेआठ."

"हां. ते म्हणजे कुंपण घातलेलं एक क्षेत्र आहे. तिथे खास काही नाही. त्यानंतर वाळूतलं ड्रायव्हिंग आहे, ते महत्त्वाचं."

"तिथं दोन सकाळी ठेवता येतील का?"

"वेळापत्रक फार घट्ट आहे, अंबिका. एक वीट काढली तर सगळं कोसळेल."

"नाही, म्हणजे अप्पांनी मला..."

"एक मिनिट. ही स्लाइड संपवू, मग प्रश्न घेऊ."

पुढे अकरा स्लाइड होत्या. प्रश्न घ्यायचे राहिले. मटार सोलून झाल्यावर ती ताट घेऊन आत गेली आणि जाताना "बरं" म्हणाली. हा 'बरं' होकाराचा असतो असं तेव्हा मला वाटायचं.

निघायच्या आठवडाभर आधी माझे सासरे आले. मल्लिनाथ हत्तुरे, वनखात्यातून निवृत्त. लग्नाच्या बोलणीत 'वनखातं' एवढंच सांगितलं होतं, आणि मी मनात एक रोपवाटिका उभी करून त्यात त्यांना झारी देऊन बसवलं होतं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. समोर माणूस आहे की कपाट, एवढंच कळायचं. तरीही मी त्यांना अंगणात नेऊन जीप दाखवली.

"मामा, हे फावडं. हे खास वाळूसाठी."

त्यांनी फावड्याच्या पात्यावरून हात फिरवला. "वाळू उकरायची हाय का?"

"गाडी रुतली तर."

"रुतंल अशा जागी न्यायचीच कशाला?"

मी हसून सोडून दिलं. जुन्या पिढीला साहस समजत नाही. मग मी त्यांच्या हातात जीपीएसचं यंत्र दिलं, पाण्याचे कॅन दाखवले, तंबूची पिशवी उचलायला लावली.

"दुर्बीण घेतलाव का?" त्यांनी विचारलं.

"दुर्बिणीचं काय काम? व्हिडिओ कॅमेरा आहे."

रात्रीच्या गाडीने जायचं होतं म्हणून लवकर जेवले. उंबऱ्यात चपला शोधताना अंबिकेला म्हणाले, "गाडी लांब लावून चालत जायचं. अंगावर भडक नको. आन् बोलायचं नाही." तिने मान हलवली, मग त्यांना ती दिसत नाही हे आठवून "व्हय अप्पा" म्हणाली. लेकीला सासरी वागायचा उपदेश चालला आहे असं समजून मला बरं वाटलं.

प्रवासाचे पहिले आठ दिवस मी फार तपशिलात सांगत नाही. ते सगळं मी तेव्हा कॅमेऱ्यात टिपलं होतं आणि आल्यावर नातेवाइकांना सक्तीने दाखवलंही. त्यात वेळावदरला शंभरेक काळवीट उड्या मारत जातात आणि त्यांच्याकडे पाठ करून मी 'आपण आता निसर्गाच्या कुशीत आहोत' असं सांगतो आहे. छोट्या रणात मी तंबू ठोकतो आहे. तो उडतो आहे. मी त्याच्यामागे धावतो आहे. कॅमेरा अंबिकेच्या हातात होता. ती काही बोलत नसे. फक्त तंबूच्या दृश्यात एका ठिकाणी चित्र बारीकसं हलतं. ती हसत असावी.

रात्री आम्ही गावातल्या साध्या गेस्ट हाउसमध्ये झोपलो. वेळापत्रकात त्याला 'पर्यायी निवारा' असं नाव होतं.

सारखं काही ना काही विचारायचं म्हणून मी तिला विचारायचो, "मजा येतेय ना?"

"हो."

"घाबरली नाहीस ना?"

"कशाला?"

मग मी टायरमधली हवा तपासायचो.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही जैसलमेरला पोचलो. उद्यानात जायचा परवाना एका दिवसाचा होता. अंबिकेने तो माझ्याकडून मागून घेतला, दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. पहाटे पाचला उठून तिने केस घट्ट बांधले आणि मातकट रंगाचा सलवार-कुडता घातला, वर तसल्याच रंगाची शाल. मी नारिंगी जाकीट घातलं. वाळवंटात हरवलेला माणूस नारिंगी जाकिटामुळे विमानातून दिसतो, असं मी वाचलं होतं.

थंडी म्हणजे हाडात शिरणारी. काचेवर दव गोठलं होतं. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना राखाडी, सपाट रान पसरलं. पावणेसात वाजले होते. सुदासरी अकरा किलोमीटरवर आली, तेव्हा उजव्या हाताला वाळूची एक चाकोरी आत गेलेली दिसली. पलीकडे छोटीशी टेकडी, तिच्यावर पहाटेचा पहिला उजेड. कोणत्याही चित्रफितीत शोभेल अशी.

मी ब्रेक लावला.

"काय झालं?" अंबिकेने विचारलं.

"सकाळची वाळू थंड असते. थंड वाळू घट्ट असते. ड्रायव्हिंगसाठी हीच वेळ."

"आधी तिकडं जाऊ या. हे नंतर करा."

"नंतर ऊन चढतं. फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडे वेळ आहे."

"अहो, नको."

दोन महिन्यांत पहिल्यांदा ती मला सरळ नको म्हणाली होती. मला ते लागलं. साहसी बायको ऐन वेळी कच खाते आहे, तेव्हा तिला धीर द्यायला हवा, असं काहीसं मी ठरवलं. टायरमधली हवा कमी केली, कॅमेरा तिच्या हातात दिला, तिला चाकोरीच्या कडेला उभं केलं आणि गाडी वाळूत घातली.

पस्तीस-चाळीस फूट गेलो असेन. मग गाडीने मान टाकली.

मी अॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं फिरली, वाळू उडाली आणि जीप वीतभर खाली बसली. मी उतरलो आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "मित्रांनो, याच क्षणासाठी आपण तयारी केली होती."

अंबिकेने शूटिंग केलं. मी फावड्याने वाळू उकरली, ती परत आत घसरली. लोखंडी फळ्या चाकाखाली सारल्या; चाकाने त्यातली एक गिळली. दोरखंड काढला, पण बांधायला झाड नव्हतं. सव्वासात वाजले. साडेसात झाले. कॅमेऱ्यासमोर बोलायचं मी केव्हाच थांबवलं होतं.

पावणेआठला तिने कॅमेरा बॉनेटवर ठेवला. पर्स खांद्याला अडकवली, शाल गुंडाळली आणि ती डांबरी रस्त्याच्या दिशेने चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"सुदासरीला."

"अकरा किलोमीटर आहे ते."

"माहीत आहे."

"मी हे असं सोडून कसा येऊ?"

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बसमधल्या अनोळखी माणसाला आपण सांगतो ना, की पलीकडे सरकू नका, मी इथेच उतरणार आहे, तसं ती म्हणाली.

मी तिच्यामागे गेलो नाही. गाडीला कुलूप घालून निघालो असतो तर काय झालं असतं? तासभर चाललो असतो, कुणीतरी बसवून घेतलं असतं. पण मला ती रुतलेली जीप सोडवत नव्हती. चौदा वर्षांनंतरही त्याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

दहाच्या सुमाराला दुधाचे कॅन अडकवलेली एक मोटारसायकल रस्त्यावर थांबली. फेटेवाला म्हातारा दूधवाला चालत आत आला. त्याने माझा खड्डा पाहिला, फळ्या पाहिल्या, माझं जाकीट पाहिलं. मग दरवाजा उघडून आत वाकला.

"यह तो डाला ही नहीं," तो म्हणाला.

गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो. तो टाकला की चारही चाकांना ताकद मिळते. त्यासाठीच ती जीप घेतली होती. तो टाकायचा राहिला होता. म्हाताऱ्याने दांडा टाकला, स्वतः सीटवर बसला आणि दोनदा मागेपुढे करून, आलो त्याच वाटेने गाडी उलटी बाहेर काढली.

"अंदर क्यों घुसे थे?" त्याने उतरताना विचारलं. "सड़क तो यह रही."

मी त्याला बिस्किटांचा पुडा देऊ केला. त्याने तो मोटारसायकलच्या पिशवीत टाकला आणि निघून गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नातेवाइकांना दाखवलेल्या चित्रफितीत गाडी रुतते आणि पुढच्याच दृश्यात रस्त्यावर असते.

मी सुदासरीला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तारेचं लांबच लांब कुंपण, फाटकापाशी वनखात्याची चौकी, बाहेर एक बाज. बाजेवर अंबिका बसली होती. हातात पितळी पेल्यात चहा. शेजारी जमिनीवर उकिडवा बसलेला वनरक्षक, पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. मूलाराम त्याचं नाव. पाण्याच्या टँकरने तिला अर्ध्या वाटेवर घेतलं होतं आणि ती नऊला तिथे पोचली होती.

"साढ़े आठ तक तीन थे, साहब," मूलाराम मला म्हणाला. वाईट बातमी सांगावी तशा आवाजात. "यहीं, मचान के सामने। फिर धूप चढ़ गई, हवा चल पड़ी। अब नहीं आएँगे।"

"कोण तीन?" मी अंबिकेला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मूलारामनेही पाहिलं.

"गोडावण," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माळढोक," अंबिका म्हणाली.

पुढचं मूलारामनेच सांगितलं, आणि ते सांगताना तो वारंवार तिच्याकडे बघून 'सही बोला ना?' असं विचारत होता. मॅडमचे वडील सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावर एकतीस वर्षं माळढोक राखत होते. पायी. शिकारी हाकलायचे, अंड्यांवर पहारा करायचे, उन्हाळ्यात पाणवठे भरायचे. नोकरीला लागले तेव्हा एका सकाळी बावीस मोजले होते. निवृत्त झाले त्या वर्षी तीन. त्यानंतर डोळे गेले. आता माळावर कुणी आहे का, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात आणि कुणी नीट सांगत नाही. लेकीला म्हणाले होते, तिकडं जैसलमेरला अजून हाय म्हणतात. एकदा बघून ये आणि मला सांग.

हे सगळं मूलारामला दोन तासांत कळलं होतं. मला दोन महिने मिळाले होते.

"तू मला सांगितलं का नाहीस?" परतताना गाडीत मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "सांगत होते. तुमच्या स्लाइड चालल्या होत्या."

जैसलमेरला आल्यावर दुपारी ती झोपली, किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी गेस्ट हाउसच्या अंगणात बसून टायरमध्ये हवा भरली.

संध्याकाळी दिवेलागणीला तिचा फोन वाजला. तिने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि थोडा वेळ तो वाजू दिला. मग उचलला आणि स्पीकर लावला. का लावला, कोण जाणे. मी ऐकावं म्हणून असेल.

"अप्पा, बोला."

"गेलतीस का?"

"गेलते."

सासरे श्वास धरून बसलेत, हे इकडे कळत होतं.

"दिसला, अप्पा," अंबिका म्हणाली.

मी चटकन तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"किती?"

"तीन. दोन माद्या आणि एक नर. नर केवढा म्हणून सांगू. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरीशुभ्र, छातीवर काळा पट्टा. गवतातून एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मान वर करून बघायचा, परत एक पाऊल. मांडवात वरबाप फिरतो तसा. घाई म्हणून नाही. माद्या खाली वेचत होत्या आणि हा नुसता उभा. मग वारा फिरला, तशी त्याने गळ्याखालची पिसं फुगवली..."

ती बोलत होती. दोन महिन्यांत मी तिच्या तोंडून एका वेळी इतकी वाक्यं ऐकली नव्हती. ते तिने पाहिलेलं नव्हतं. लहानपणापासून अप्पांनी जे सांगितलं होतं, तेच ती शब्दाला शब्द लावून त्यांना परत देत होती.

"तसंच असतंय बघ," पलीकडून अप्पा म्हणाले. "तसंच. आन् कसं गेलाव? येळेवर पोचलाव का?"

"हो. ह्यांनी पहाटे उठवून नेलं. ह्यांच्यामुळंच दिसला."

"दे त्यांच्याकडं."

तिने फोन माझ्यापुढे धरला. डोळे उघडले होते. त्यात 'हो म्हणा आणि ठेवा' एवढंच होतं.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "लई मोठं काम केलंत बघा. माझ्या हातनं झालं नसतं."

इथे मी 'नाही हो मामा, त्यात काय' म्हणून गप्प बसायला हवं होतं. कुणीही बसलं असतं. पण मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी वाढवून सांगतो. आपणही काही द्यावं असं मला वाटलं.

"मामा, खरं तर एक तर अगदी जवळ होता," मी म्हणालो. "बाभळीच्या शेंड्यावर बसला होता. ऐटीत. आम्हाला बघितलं आणि मग उडाला."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर आली.

"शेंड्यावर?" अप्पांनी विचारलं.

"हो. अगदी टोकाला."

"असं का." त्यांनी खाकरून घेतलं. "बरं. बरं झालं. जपून या. गाडी सावकाश चालवा."

फोन बंद झाला. अंबिकेने तो पलंगावर उपडा ठेवला.

"माळढोक झाडावर बसत नाही," ती म्हणाली. "त्याच्या पायाला मागचं बोट नसतं. फांदी धरता येत नाही त्याला."

खोलीत टेबलावर वेळापत्रकाचा कागद होता. मी उगाचच तो सरळ केला.

"मग आता?"

"आता काही नाही. त्यांना कळलं."

"ते तर काहीच बोलले नाहीत."

"ते बोलणार नाहीत," ती म्हणाली आणि शाल घेऊन बाहेर अंगणात जाऊन बसली. मी पंधरा मिनिटांनी तिच्यासाठी चहा नेला. तिने तो घेतला. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्याकडे बघताना मला दिसत होतं, की ही आता माझ्याशी कधीच भांडणार नाही. 'बरं' म्हणेल आणि ताट घेऊन आत जाईल, आणि चाळीस वर्षं अशीच निघून जातील.

मी त्या रात्री बदललो वगैरे नाही. मी घाबरलो. सकाळी वनखात्याचं कार्यालय उघडायच्या आधी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो, तेही फक्त घाबरलो होतो म्हणूनच. तीन दिवसांचे परवाने काढायला दुपार झाली. मग ऑफिसला फोन करून रजा वाढवून घेतली. वाळूचे डोंगर, उंटावरची सफर, तारांगणाखालचा मुक्काम, सगळं गेलं. बाजारातून एक जुनी दुर्बीण मिळाली. परत आलो आणि परवाने तिच्यापुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले.

"जाकीट घालायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि बोलायचं नाही."

पहिल्या सकाळी चिंकारा दिसले, एक खोकड दिसलं. माळढोक नाही. मचाणावर दगडी कट्टा होता आणि त्यावर तीन तास बसून माझे पाय बधिर झाले. न बोलता बसणं किती अवघड असतं हे ज्याला जमतं त्याला कळायचं नाही. दर पाच मिनिटांनी मला काहीतरी माहिती द्यावीशी वाटे, आणि दर वेळी लक्षात येई, की मला काही माहीतच नाही. दुसऱ्या सकाळी धुकं होतं. मूलारामने आपल्या डब्यातली बाजरीची भाकरी आम्हाला दिली. त्या दोघांनी हलक्या आवाजात पाणवठ्यांविषयी बरंच बोलून घेतलं. मी चघळत बसलो.

तिसऱ्या सकाळी साडेसातला मूलारामने अंबिकेच्या कोपराला बोट लावलं.

फार लांब, गवताच्या पलीकडे, एक राखाडी खुंट होता. मला तो खुंटच वाटला. मग तो एक पाऊल चालला.

अंबिकेने दुर्बीण लावली. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. तिची बोटं थंडीने पांढरी पडली होती आणि दुर्बीण जराही हलत नव्हती. खुंट थांबायचा, पुन्हा एक पाऊल. मी एकदा "दिसतोय का नीट?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बऱ्याच वेळाने तिने, न बोलता, दुर्बीण माझ्या हातात दिली. मी डोळ्याला लावून नीट करेपर्यंत तिथे गवत हलत होतं. तेवढंच. मी तरीही बराच वेळ त्या गवताकडे बघितलं आणि दुर्बीण परत दिली. मी आजपर्यंत माळढोक पाहिलेला नाही.

परतताना फोनला रेंज आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अंबिकेने नंबर लावला. या वेळी स्पीकर नव्हता, पण गाडीच्या काचा बंद होत्या आणि अप्पांचा आवाज मोठा होता.

"अप्पा, आज परत दिसला."

"किती?"

"एकच. लांब होता. फार लांब. पुरता दिसलाही नाही."

"जमिनीवर होता नव्हं?" अप्पांनी विचारलं.

मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. माझे कान तापले. शेजारी अंबिकेने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडते आहे, आणि ती रडतही होती, पण त्याआधी ती हसली होती. गाडीभर आवाज होईल अशी. पलीकडून म्हाताऱ्याचंही हसणं आलं, खोकल्यात अडकलेलं.

"जमिनीवरच होता, अप्पा."

"मग आता सांग," अप्पा म्हणाले. "पयल्यापासनं सांग. वारा कुठनं होता?"

ती सांगायला लागली. पुढे वळणानंतर रेंज जाते हे मला येता-जाता कळलं होतं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चारही चाकं डांबरावर आहेत ना ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं.